उरले १२४७

मोटार घेणाऱ्याला मोटारीतलं काही कळू नये, असा एक जुना संकेत आहे आणि तो मी आजवर कसोशीने पाळत आलो आहे. मी बँकेत कारकून आहे आणि शिक्षणाने बी.कॉम. आम्हा कॉमर्सवाल्यांचं यंत्राविषयीचं ज्ञान घसाऱ्यापुरतं असतं. यंत्र चालतं कसं ते आम्हाला ठाऊक नसतं. दर साल ते किती टक्क्यांनी मरतं, ते मात्र पैशापर्यंत सांगता येतं. तेव्हा पुढे मी जे लिहिणार आहे ते मोटारीविषयी आहे, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. ते एका वाक्याविषयी आहे. हे वाक्य टीव्ही दुरुस्तीवाला म्हणतो, टेलिफोनवाला म्हणतो, पाण्याच्या मीटरवाला म्हणतो आणि हल्ली वातानुकूलित खोलीत बसून मोटारवालाही म्हणतो. ते वाक्य असं: "आम्ही बघितलं, पण प्रॉब्लेम काही दिसला नाही."

या वाक्यावर माझा राग आहे. रक्तदाबाची गोळी चालू असूनही आहे.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी स्टाफ लोनच्या सवलतीच्या व्याजाला भुलून आम्ही एक गाडी घेतली. नवी नव्हे, तीन वर्षं वापरलेली, पण हायब्रीड. कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर मला कोर्टाची भीती वाटते, आणि दुसरं म्हणजे नाव सांगितलं की दुसऱ्या कंपनीची गाडीवाले 'आपल्याला काय त्याचं' म्हणून पान उलटतात. हायब्रीड म्हटल्यावर गावाकडचे आमचे काका दचकले. त्यांच्या पिढीला हायब्रीड म्हणजे ज्वारी. "दिसायला टपोरी, पण भाकरीला चव नाही," असं म्हणून त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"ही पेट्रोलवर चालते आणि विजेवरही," मी अभिमानाने म्हणालो.

"म्हणजे दोन्हीकडून बिल येणार."

"नाही हो काका. वीज ती चालता चालता स्वतःच तयार करते."

"मग एमएसईबीला कळवा," काका म्हणाले आणि चहाला आत गेले.

काकांचा संशय व्यर्थ होता. गाडी गुणी निघाली. सिग्नलला उभी राहिली की तिचं इंजिन दुपारच्या सरकारी कचेरीसारखं शांत होऊन जातं. हळू चालवली तर पेट्रोल न पिता नुसत्या विजेवर सरकते. आमची सौभाग्यवती तर तिच्यावर बेहद्द खूश. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे: आमच्या घरात गाडी चालवतात ती सौ. मी फक्त शेजारी बसून ब्रेक दाबतो, माझ्या बाजूला ब्रेक नसतानाही. सोळा वर्षांत तिच्या हातून गाडीला एक ओरखडा उठलेला नाही. मी एकदाच सोसायटीच्या गेटमधून गाडी बाहेर काढली होती. त्या गेटला नंतर वेल्डिंग करावं लागलं.

आता थोडं तांत्रिक. हे ज्ञान माझं नाही. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात, त्यांच्याकडून ते मी व्याजी घेतलेलं आहे. पूर्वी मोटारीचं चाक माणूस स्वतःच्या मनगटाने वळवत असे. कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, ज्यांनी चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. उभ्या गाडीचं चाक फिरवणं म्हणजे जात्यावर पायलीभर दळण्यासारखं. पुढे चाकाला मदत म्हणून तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टीअरिंग आलं. त्याचा पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन फिरतंय तोवर मदत, इंजिन थांबलं की मदत खलास.

हायब्रीडची गोची इथेच आहे. तिचं इंजिन तर घटकेला झोपतं, घटकेला उठतं. मग चाकाला मदत कोण करणार? म्हणून तिथे विजेचं स्टीअरिंग आलं. तशी ही युक्ती हायब्रीडच्याही आधीची आहे. १९८८ साली जपानात सुझुकीने सर्व्हो नावाच्या चिमुकल्या गाडीत ती बसवली. आज तर बहुतेक सगळ्या नव्या गाड्यांत तीच असते. तिच्यात तीन मंडळी काम करतात. एक सेन्सर असतो, तो तुमच्या हाताचा जोर मोजतो. एक छोटा कॉम्प्युटर असतो, तो किती मदत द्यायची ते मंजूर करतो. आणि एक मोटर असते, ती मदत प्रत्यक्ष पोचवते. म्हणजे आमच्या बँकेसारखंच: कारकून अर्ज घेतो, अधिकारी सही करतो, कॅशियर पैसे देतो. तिघांपैकी एक जण जरी चहाला गेला, तरी खिडकीवरचा माणूस ताटकळतो.

या मोटरला वीज मिळते ती साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीच्या वायरीवरून. हायब्रीडमध्ये ही छोटी बॅटरी मोठ्या बॅटरीच्या विजेवर भरली जाते, मधे एक कन्व्हर्टर असतो. व्होल्टेज घसरलं, सेन्सर गोंधळला किंवा मोटर तापली, की कॉम्प्युटर मदत कमी करतो किंवा बंद करतो आणि डॅशबोर्डवर स्टीअरिंगचं चित्र व त्याच्या शेजारी उद्गारचिन्ह असा एक दिवा लागतो. उद्गारचिन्ह फार योग्य आहे. त्या क्षणी गाडीत तसेच उद्गार निघतात.

पाम बीच रोडवरचा तो रविवार मला अजून आठवतो. वाशीला एका मुंजीला जाऊन आम्ही नेरूळला परत येत होतो. सौ. चाकावर, मी माझ्या काल्पनिक ब्रेकवर, आणि मागे माझी आई, मांडीवर बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन. एका सिग्नलला यू-टर्न घ्यायचा होता. इंजिन झोपलेलं. हिरवा दिवा लागला, सौ.ने चाक वळवलं, ते अर्ध्यावर गेलं आणि तिथेच अडलं. जड म्हणजे किती जड? फियाटचं चाक जड होतं, पण ते पहिल्यापासून जड होतं. त्याची मनगटाला सवय असायची. हे चाक क्षणापूर्वी लोण्यासारखं होतं आणि आता पाटा झालं होतं. डॅशबोर्डवर दिवा. समोरून सुटलेला टेम्पो. सौ.ने दोन्ही हातांनी, ओठ घट्ट मिटून चाक ओढलं. तशा अवस्थेतही चाकाचा आणि पुढच्या चाकांचा लोखंडी सांधा शाबूत असतो, म्हणून गाडी वळते. फक्त सगळा जोर आपला लावावा लागतो. गाडी वळली, फुटपाथच्या कडेला टायर घासला आणि आम्ही बाजूला थांबलो. टेम्पोवाला जाताना जे बोलला त्यात माझ्या सासूबाईंचा उल्लेख होता.

"काय गं झालं?" आईने मागून विचारलं.

"काही नाही आई," सौ. म्हणाली. तिचे हात थरथरत होते. मी ते पाहिले, म्हणून लिहितो.

पाच मिनिटांनी गाडी बंद करून पुन्हा चालू केली. दिवा गेला. चाक परत लोण्यासारखं. इतकं मऊ, की आपल्यालाच भास झाला असावा असं वाटावं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गाडी कारखान्यात नेली. कारखाना म्हणायची आपली जुनी सवय. तिथे आता काचेचा दिवाणखाना असतो, कॉफीचं यंत्र असतं आणि टाय लावलेला एक तरुण असतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. टॅबवर बोट फिरवलं. आणि पहिला प्रश्न विचारला तो असा:

"गाडी मॅडम चालवतात का सर?"

वाचकहो, हा प्रश्न नीट वाचा. यात गाडीविषयी एक अक्षर नाही. मी "हो" म्हणालो. त्याने मान अशी हलवली की, जणू बिघाड सापडला. मग म्हणाला, "लेडीज जरा स्टीअरिंग घट्ट पकडतात." संध्याकाळी गाडी परत मिळाली. अलाइनमेंट केलेलं, टायरात हवा भरलेली, बाराशे रुपयांचं बिल, आणि बिलाच्या तळाशी ते वाक्य: प्रॉब्लेम दिसला नाही.

मी गाढवपणा असा केला की घरी येऊन ते "घट्ट पकडतात" सौ.ला सांगितलं. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर महिनाभर ती मला म्हणायची, "आज तुम्हीच चालवा." मी चालवायचो आणि ती शेजारी बसायची. सोळा वर्षांत टेम्पो, एसटी, डंपर आणि माझा मेव्हणा यांपैकी कुणालाही न भ्यालेली बाई एका टायवाल्या पोराच्या एका वाक्याने शेजारच्या सीटवर गेली. गाडीत बिघाड झाला होता आणि दुरुस्ती बायकोची झाली होती. माझा राग नेमका कशावर आहे ते आता कळलं असेल.

दुसऱ्यांदा चाक अडलं ते माझ्या हातात, सानपाड्याच्या स्टेशनाजवळ. मला मनातून आनंद झाला, हे कबूल करतो. मी धावत कारखान्यात गेलो आणि सांगितलं, "या वेळी जेन्ट्स होते." छोटी बॅटरी बदलली गेली. प्रॉब्लेम दिसला नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या काचेच्या दिवाणखान्यात सोफ्यावर आणखी दोघे बसले होते. वेळ जायला बोलणं निघालं. एक खारघरचे प्राध्यापक, एक कोपरखैरण्याचे औषधविक्रेते. दोघांकडे आमच्याच जातीची गाडी. दोघांची तक्रार तीच: वळताना चाक मधेच जड होतं, दिवा लागतो, बंद करून चालू केलं की सगळं ठीक.

"तुम्हाला काय सांगितलं?" मी विचारलं.

"अशी तक्रार पहिलीच आहे म्हणाले," प्राध्यापक म्हणाले.

"मलाही," औषधविक्रेते म्हणाले.

मलाही तेच सांगितलं होतं. त्या दिवशी त्या सोफ्यावर तीन पहिल्या तक्रारी शेजारी शेजारी बसून फुकटची कॉफी पीत होत्या.

आता मी ज्या धंद्यात आहे तिथलं सांगतो, कारण आम्ही काही गंगेत न्हालेले नाही. काउंटरवर "सर्व्हर डाउन आहे" हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलं आहे की, चित्रगुप्ताच्या वहीत माझ्या नावापुढे तेवढंच लिहिलेलं असेल. पण आमच्याकडेही एटीएम नावाचं एक यंत्र आहे आणि त्याचंही असंच होतं. ग्राहक म्हणतो, खात्यातून पैसे गेले, पण हातात आले नाहीत. यंत्र म्हणतं, मी दिले. आम्ही जाऊन बघतो तेव्हा यंत्र ठणठणीत चालू असतं. मग आम्ही काय म्हणतो? "माझ्यासमोर पुन्हा करून दाखवा"? "मॅडम पैसे काढतात का"? इच्छा पुष्कळ होते. पण रिझर्व्ह बँकेने २०१९च्या सप्टेंबरात फर्मान काढून ठेवलं आहे: फसलेल्या व्यवहाराचे पैसे त्यानंतर ५ दिवसांत परत जमा करा, नाहीतर सहाव्या दिवसापासून रोज १०० रुपये भरपाई द्या, आणि तीही ग्राहकाने मागायच्या आत. त्यामुळे आम्ही निमूटपणे यंत्राची नोंद काढतो, पेटीतली रोकड मोजतो आणि ताळा लावतो. ग्राहक आम्हाला फार आवडतो म्हणून नव्हे. रोज शंभर रुपये जातात म्हणून.

सांगायचा मुद्दा असा की, जो बिघाड येतो आणि जातो, तो समोर दिसण्याची वाट बघायची नसते. त्याची नोंद शोधायची असते. आणि अशी नोंद मोटारीतही असते! हे मला इंजिनिअरसाहेबांनी सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. दिवा लागला की गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचा आकडा सहसा आपल्या स्मरणात टिपून ठेवतो. मी चौथ्या वेळी कारखान्यात जाऊन त्या तरुणाला म्हणालो, "तो आकडा छापून द्या."

तो म्हणाला, "सर, कोड आहे, पण तो हिस्टरीमध्ये आहे. करंट नाही."

हिस्टरीमध्ये आहे! म्हणजे पहिल्या दिवसापासून होता. अरे बाबा, आमच्या बँकेत माणसाला कर्ज मिळतं किंवा नाकारलं जातं ते हिस्टरीवरच. तीन वर्षांपूर्वी क्रेडिट कार्डाचा एक हप्ता चुकला असेल, तर तो आज करंट नाही म्हणून आम्ही सोडून देतो काय? ग्राहकाचा इतिहास आम्ही सिबिलमध्ये जन्मभर चघळतो आणि यंत्राचा इतिहास मात्र "जाऊ द्या सर, डिलीट करून दिलाय" म्हणून पुसला जातो. हो, त्याने तो पुसलाही होता. कॉम्प्लिमेंटरी.

इथे कंपनीच्या बाजूनेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. नाहीतर मी आणि तो टेम्पोवाला यांत फरक काय? चाक जड झालं म्हणजे दर वेळी बिघाडच असतो असं नाही. टायरात हवा कमी असेल तर जड होतं. अरुंद पार्किंगमध्ये चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवलं तर मोटर तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी मदत आखडती घेते. तो गुण आहे, दोष नव्हे. छोटी बॅटरी म्हातारी झाली की असे चाळे होतात. आणि काही मालक असे असतात की शेजाऱ्याच्या गाडीचा आवाज त्यांना आपल्या गाडीत ऐकू येतो. कबूल. सगळं कबूल. पण दहातले नऊ भास आहेत हे ठरवायलासुद्धा दहाही आधी लिहून घ्यावे लागतात. बँकेत दिवसाचा हिशेब जुळला नाही आणि फरकाला नवाने भाग गेला, तर कुठेतरी दोन आकडे उलटसुलट पडले असावेत, असं आम्ही ओळखतो. पण त्यासाठी फरक मान्य करावा लागतो. "फरक दिसला नाही" असं लिहून कॅशियर घरी जात नाही.

तक्रारी मोजल्या की काय होतं, त्याचं उदाहरण अमेरिकेत घडलेलं आहे. (ती कंपनी आणि आमची गाडी यांचा काडीचाही संबंध नाही.) होंडाच्या २०२२ आणि २०२३च्या सिव्हिक गाड्यांचं विजेचं स्टीअरिंग हमरस्त्यावर मधेच चिकटतं, अशा तक्रारी तिथल्या मालकांनी सरकारच्या वाहन सुरक्षा खात्याकडे लिहून पाठवल्या. दीडशेच्या आत-बाहेर तक्रारी जमल्यावर २०२३च्या मार्चमध्ये खात्याने चौकशी सुरू केली. चौकशी लागली म्हटल्यावर आणखी मालक पुढे आले. अखेर २०२४च्या ऑक्टोबरात कंपनीने सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत हायब्रीडही होत्या. कारण काय निघालं? स्टीअरिंगच्या पेटीतलं एक दातेरी चाक नीट घडलेलं नव्हतं; ते फुगायचं, ग्रीसचा थर पातळ व्हायचा आणि घर्षण वाढायचं. उपाय काय? एक स्प्रिंग बदलायची आणि ग्रीस घालायचं. बस्स! त्या शेदीडशे लोकांना "मॅडम चालवतात का" एवढं विचारून घरी पाठवलं असतं, तर १७ लाख चाकं ग्रीसवाचून राहिली असती.

आपल्याकडे असं होतच नाही असं नाही. आपल्या देशात मारुतीने २०१९च्या डिसेंबरात हायब्रीडच्या मोटर-जनरेटरमध्ये दोष असू शकेल म्हणून सियाझ, एर्टिगा आणि एक्सएल-६ मिळून ६३,४९३ गाड्या तपासायला बोलावल्या. २०२१च्या सप्टेंबरात याच भागासाठी पुन्हा १,८१,७५४ गाड्या बोलावल्या. २०२३च्या जुलैत एस-प्रेसो आणि ईकोच्या स्टीअरिंगमधल्या एका दांड्यासाठी ८७,५९९. हे आकडे वाचून आमचे मॅनेजरसाहेब म्हणाले, "अरेरे, काय ही बेअब्रू!" मी म्हणतो, बेअब्रू कसली? चूक झाली, ती मोजली, माणसांना बोलावलं आणि फुकट सुधारून दिलं. हा तर अब्रूदारपणा. आम्ही तर पासबुकातली चूक ग्राहकानेच दाखवली तरी "प्रिंटरचा दोष" म्हणतो. बेअब्रू आहे ती "पहिलीच तक्रार" या तीनदा उच्चारलेल्या दोन शब्दांत.

आणि कायदासुद्धा आहे. २०१२ पासून मोटार कंपन्यांच्या संघटनेने आपखुशीची एक आचारसंहिता पाळायला घेतली होती. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. तारीख बघून हसू नये. आम्हा बँकवाल्यांचं नवं वर्ष त्याच दिवशी सुरू होतं. गाडी ७ वर्षांच्या आतली असेल आणि ठराविक संख्येने मालकांनी एकाच दोषाची तक्रार परिवहन खात्याच्या पोर्टलवर नोंदवली, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावायला लावू शकतं. शिवाय १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. ही ठराविक संख्या किती, ते नियमांतल्या कोष्टकात आहे. मोठ्या खपाच्या मोटारींपुढे आकडा आहे १२५०.

आता गंमत बघा. १२५० तक्रारी हव्यात; आणि तक्रार कुणाची? ज्याला प्रत्येक वेळी "तुमची पहिलीच" म्हणून सांगितलं आहे त्याची. म्हणजे प्रत्येकाला एकटं पाडायचं आणि मग एकट्याने भागत नाही म्हणायचं. लग्नाला बाराशे पाहुणे हवेत अशी अट घालायची आणि पत्रिका कुणालाच पोचू द्यायची नाही, त्यातला प्रकार!

मला यावर माझ्या आईचा उपाय आठवतो. मी लहान असताना आम्ही दादरला चाळीत राहत होतो. एका महिन्यात तूरडाळीत फार खडे निघाले. आई वाण्याकडे गेली. वाणी म्हणाला, "ताई, इतकी वर्षं डाळ विकतो, तुमच्याच घरी कसा खडा निघाला?" आई परत आली, पण भांडली नाही. तिने एक वाटी घेतली आणि मजल्यावरच्या आठ बिऱ्हाडांत फिरली. प्रत्येक घरी विचारलं, "खडे टाकून दिलेत की आहेत?" सात घरांतून खडे जमले. ती वाटी तिने वाण्याच्या तराजूत उपडी केली आणि म्हणाली, "हे वजन करा आणि डाळीच्या भावाने पैसे परत द्या." वाण्याने पोतं बदललं. एका घरातला खडा म्हणजे नशीब. सात घरांतले खडे म्हणजे हिशेब. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली उभी राहिली ती अशाच बायकांच्या जोरावर, आणि ग्राहक संरक्षणाचा कायदा यायला त्यानंतर १९८६ उजाडावं लागलं. वाटी आधी आली, कायदा मागून.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे. कारखानदारांनो, दोष दिसो वा न दिसो, मालक जे सांगतो ते त्याच्याच शब्दांत जॉब कार्डावर लिहा. कॉम्प्युटरच्या स्मरणात जे आकडे आहेत ते पुसण्याआधी छापून हातात द्या. आणि अशी तक्रार यापूर्वी किती जणांनी केली ते खरं सांगा. एवढ्याला ना नवं यंत्र लागतं ना इंजिनिअर. आमच्यासारखा एक साधा कारकून लागतो. आणि मालकांनो, तोंडी सांगून घरी जाऊ नका. तोंडी सांगितलेली तक्रार म्हणजे सही नसलेला चेक. रक्कम कितीही मोठी असो, वटत नाही.

पाचव्या वेळी कारखान्यात मी गेलो नाही. सौ. गेली. स्वतः गाडी चालवत गेली. टायवाल्या तरुणाने टॅब पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "कार्ड द्या, मी लिहिते." आणि तिने शाळेच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरांत लिहिलं: वळण घेताना स्टीअरिंग अचानक जड होते. दिवा लागतो. आतापर्यंत चार वेळा. ठिकाण, तारीख, वेळ, इंजिन चालू की बंद, सगळं.

"मॅडम, सिस्टिममध्ये मराठी जात नाही," तो म्हणाला.

"तुमच्या सिस्टिममध्ये काय काय जात नाही ते मला कळलंय," सौ. म्हणाली. "कागदावर जातं ना? खाली सही करा. आणि हो, घट्ट पकडूनच लिहिलंय."

त्याने सही केली. त्या कागदाची प्रत घेऊन आम्ही त्याच रात्री पोर्टलवर तक्रार नोंदवली. प्राध्यापकांनी नोंदवली, औषधविक्रेत्यांनी नोंदवली. गाडी अजून आमच्याकडेच आहे. चाक सध्या मऊ आहे, पण आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. पाम बीच रोडवर यू-टर्न घेताना सौ. दोन्ही हात चाकावर ठेवते, मी माझा ब्रेक दाबतो आणि आई मागे लाडवांचा डबा धरून बसते.

एक आमची, एक खारघरची, एक कोपरखैरण्याची. झाल्या तीन. १२५० वजा ३.

उरले १२४७. आपल्यापैकी कुणाचं चाक अडत असेल, तर कृपया वाटी पुढे करावी.